महिना खाली पोचलाच नाही

मेंटेनन्सचं बिल जास्त आलं की सोसायटीतली माणसं रात्री दहा वाजता फोन करतात. कमी आलं तर कोणीही करत नाही. माझी पहिली मोठी चूक बरेच दिवस झाकून राहिली ती याच कारणाने, आणि ती झाकलेली असताना मी मात्र स्वतःवर खूश होते.

मी आधी ऐरोलीच्या एका कंपनीत रुबी भाषेत प्रोग्रॅम लिहीत असे. बदलापूरहून ठाणे, ठाण्याला पूल चढून ट्रान्सहार्बर, आणि संध्याकाळी तेच उलटं. मुलगी झाल्यावर ते सोडलं. अंबरनाथला आईच्या ओळखीचे एक अकाउंटंट आहेत, त्यांना मी काका म्हणते. बदलापूर-अंबरनाथच्या बऱ्याच सोसायट्यांचे हिशेब ते लिहीत आणि बिलं एक्सेलमध्ये हाताने काढत. "अगं, माझे डोळे गेले या चौकटींत. तुझ्या त्या कंप्युटरच्या विद्येचा काही उपयोग होतो का बघ," असं ते म्हणाले, आणि तिथून हा जोडधंदा सुरू झाला.

सोसायटीचं बिल दिसतं साधं, असतं किचकट. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर, मालमत्ता कर नगरपालिका लावेल तसा. दुरुस्ती निधी बांधकामखर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. मालकाने फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी. थकबाकीवर सरळव्याज, वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. त्यात बदलापूरला पाणी देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. त्यांचं मीटरचं बिल हातात आल्याशिवाय पाण्याची वाटणी करता येत नाही.

म्हणजे कामांना क्रम होता. आधी सदस्यांची यादी आणि मीटरचे आकडे आत घ्यायचे, मग प्रत्येकाची आकारणी, मग बिलाच्या पीडीएफ, शेवटी सेक्रेटरींना ईमेल. मी त्यांना नावं दिली: आयात, आकारणी, पीडीएफ, पाठवणी. असा क्रम सांभाळायला प्रोग्रॅमर लोकांकडे तयार साधनं असतात, त्यांना बिल्ड टूल म्हणतात. मूळ उपयोग प्रोग्रॅमचे तुकडे जोडून पूर्ण प्रोग्रॅम बांधण्याचा, पण 'हे झाल्याशिवाय ते नको' अशा कुठल्याही कामाला ती चालतात. रुबीत त्यासाठी रेक आहे. प्रत्येक टास्क, म्हणजे एकेक काम, कोणावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचं. मग फक्त 'पाठवणी कर' म्हटलं की रेक मागे मागे जात आयातीपर्यंत पोचतो आणि तिथून सगळं ओळीने करत येतो. कंपनीत मी तो रोज वापरत असे, म्हणून तो मला येतो अशी माझी समजूत होती.

सुरुवातीला सगळ्या सोसायट्या मासिक बिलवाल्या होत्या. आकारणीला मी दोन आर्ग्युमेंटं, म्हणजे चालवताना बाहेरून सांगायची मूल्यं, दिली: सोसायटी आणि महिना. महिना सांगायचा राहिला तर चालू महिना धरायचा, असा डिफॉल्टही लावून ठेवला. त्या डिफॉल्टचा मला अभिमान होता, वापरणाऱ्याची सोय म्हणून. वापरणारी मी एकटीच होते.

पुढे तिमाही बिलं काढणाऱ्या सोसायट्या आल्या. एप्रिल ते जूनला 'महिना' कसं म्हणायचं, म्हणून पाठवणी आणि पीडीएफ या दोन टास्कांत मी शब्द बदलून 'कालावधी' केला. आकारणीच्या कोडमध्ये कालावधी आला तर कितीने गुणायचं तेही लिहिलं होतं, फक्त तिथल्या आर्ग्युमेंटचं नाव 'महिना'च राहिलं. मला वाटलं, वरून पहिलं सोसायटी, दुसरं कालावधी असं दिलं की खाली ते त्याच क्रमाने पोचेल.

रेकमध्ये ते क्रमाने पोचत नाही, नावाने पोचतं. वरच्या टास्कला मिळालेली मूल्यं ज्या टास्कवर ती अवलंबून आहे तिलाही मिळतात, पण नाव जुळलं तरच. आकारणीने 'महिना' मागितला. वर त्या नावाचं काही नव्हतं. रेकने कुठलीही कुरकुर न करता रिकामा हात पुढे केला, आणि त्या रिकाम्या हातावर माझ्या सोयीच्या डिफॉल्टने चालू महिना ठेवला. बिलाच्या माथ्यावर 'एप्रिल ते जून' छापलं गेलं, कारण पीडीएफला कालावधी नीट कळला होता. खालची रक्कम मात्र एकट्या एप्रिलची.

मासिक सोसायट्यांची बिलं बरोबर निघत राहिली, तेही योगायोगाने. मी ती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढत असे, म्हणून चालू महिना आणि बिलाचा महिना एकच निघे. तिथेही महिना खाली पोचत नव्हताच. उत्तर बरोबर येत होतं म्हणून मी वाट तपासली नाही.

शेवटी फोन आला तो कुळगावातल्या एका सोसायटीच्या खजिनदार बाईंचा. त्या निवृत्त शिक्षिका.

"मॅडम, तीन महिन्यांचं बिल एका महिन्याच्या पैशांत लावलंय तुम्ही. उरलेले दोन महिने तुमच्याकडून घ्यायचे का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आजही आवडत नाही. मी म्हटलं, "काकांच्या एक्सेलमधून आकडे चुकून आले असतील, बाई. त्यांना बघायला सांगते." काही न तपासता. काकांनी बिचाऱ्यांनी रात्री बसून सगळ्या चौकटी पुन्हा ताडून पाहिल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कोड उघडला, दोन नावं एकाखाली एक दिसली आणि काकांना फोन करायला संध्याकाळ उजाडावी लागली. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं, पण तू इतक्या खात्रीने बोललीस."

पुरवणी बिलं काढावी लागली. ज्यांनी आधीचं बिल भरून पावती फायलीला लावली होती, त्यांना पुन्हा पैसे मागायचे. सगळ्यात जास्त तक्रारी तिथे झाल्या, आणि त्या ऐकायला मी समोर नव्हते. सोसायटीच्या ऑफिसात बसलेले सेक्रेटरी होते.

यातून मी शिकले ते अर्धवट. नावं सारखी केली, डिफॉल्ट काढून टाकला आणि प्रश्न मिटला असं समजले. मुळातला प्रश्न मी अजून विचारलाच नव्हता: खालच्या टास्कला निरोप कोण देतं, आणि किती वेळा?

त्याचं उत्तर पुढच्या चुकीने दिलं. सोसायट्या वाढल्या. प्रत्येकीसाठी वेगळी आज्ञा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून मी 'सगळ्या' नावाची टास्क लिहिली. यादीतली एकेक सोसायटी घ्यायची आणि तिचं नाव देऊन पाठवणीला बोलवायचं. चालवलं, तर क्षणात संपलं. लाल अक्षरात काही आलं नाही. किती भराभर झालं, असं मनात म्हणत मी स्वयंपाकाला गेले. बिलं गेली होती ती फक्त यादीतल्या पहिल्या, कात्रपच्या सोसायटीची.

रेकमध्ये एक टास्क एका फेरीत एकदाच चालते, आणि ते योग्यच आहे. चार टास्का एकाच आयातीवर अवलंबून असतील तर आयात चार वेळा कशाला करायची? पण 'झालं आहे' ही नोंद रेक टास्कच्या नावापुढे करतो. कोणत्या मूल्यांनी झालं, ते त्या नोंदीत नसतं. कात्रपच्या सोसायटीसाठी पाठवणी झाली की पाठवणी झाली. नंतर बेलवली म्हणा, मांजर्ली म्हणा, तो तुमचं ऐकून घेतो आणि काही करत नाही. चूक झाली असंही सांगत नाही, कारण त्याच्या हिशेबी चूक झालेलीच नाही.

त्याच रात्री मी माहितीपुस्तिका चाळली आणि मला 'रीएनेबल' सापडलं. झालेल्या टास्कवरची 'झालं' ही खूण पुसायची सोय. लूपमध्ये एक ओळ वाढवली. आता प्रत्येक सोसायटीचं नाव पडद्यावर येऊन गेलं, प्रत्येकीला ईमेल गेल्याचं दिसलं. समाधानाने झोपले.

सकाळी बेलवलीच्या सेक्रेटरींचा फोन.

"मॅडम, ही कुठली बिलं पाठवलीत? यातला एकसुद्धा आमचा मेंबर नाही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून: "पण यातले एक मला माहीत आहेत हो. आमच्या सकाळच्या लोकलच्या ग्रुपमधले. त्यांची इतकी थकबाकी आहे?"

मी पाठवणीवरची खूण पुसली होती. तिच्या खालच्या पीडीएफ, आकारणी, आयात यांच्यावरच्या खुणा तशाच होत्या, कारण रीएनेबल ज्या टास्कला सांगाल तिच्यापुरतंच असतं. पहिल्या फेरीत कात्रपच्या सोसायटीच्या पीडीएफ बनल्या आणि 'तयार' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये पडल्या. दुसऱ्या फेरीत पीडीएफ म्हणाली, माझं झालंय. पाठवणीने फोल्डर उघडला, जे दिसलं ते उचललं आणि बेलवलीच्या पत्त्यावर धाडलं. मग मांजर्लीच्या, मग पुढच्या. कात्रपच्या त्या सोसायटीत कोणी किती महिने पैसे भरले नाहीत, कोणी फ्लॅट भाड्याने दिलाय, हे माझ्या यादीतल्या प्रत्येक सेक्रेटरीकडे पोचलं.

बदलापुरात हे फार वाईट असतं. शहर कितीही वाढलं तरी सकाळच्या गाडीला माणसं त्याच डब्यात, त्याच दाराशी उभी असतात. एकाच्या घरची गोष्ट कल्याण यायच्या आत डबाभर होते. ज्या गृहस्थांची थकबाकी फुटली, त्यांच्या घरी आजारपण चालू होतं असं मला नंतर कळलं. सोसायटीने त्यांना समजुतीने मुदत दिलेली होती. ती समजूत सोसायटीच्या चार भिंतींत राहायला हवी होती.

मी सगळ्या सेक्रेटरींना एक निरोप पाठवला: 'तांत्रिक अडचणीमुळे चुकीची बिलं गेली आहेत, कृपया डिलीट करावीत.' तांत्रिक अडचण! वीज गेली असती, सर्व्हर पडला असता तर ती अडचण. इथे मी एक ओळ लिहिली होती, ती काय करते ते अर्धंच वाचलं होतं आणि एका सोसायटीवरही न तपासता सगळ्यांवर चालवली होती. कात्रपच्या कार्यकारिणीने मला सभेला बोलावलं. तिथेही मी आधी रेकच्या वागण्याबद्दलच बोलत राहिले. एक आजोबा मध्येच म्हणाले, "ते यंत्राचं राहू द्या. पाठवायच्या आधी तुम्ही एक तरी बिल उघडून पाहिलं होतं का?" नव्हतं पाहिलं. त्यांनी काम काढून घेतलं आणि मला वाद घालायला जागा नव्हती.

तिसरी चूक पुराच्या वर्षाची. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला पूर आला. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, आणि २७ तारखेला हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं. त्या बातमीत देशभर बदलापूरचं नाव झालं. पश्चिमेला नदीकडच्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यांत पाणी होतं, मीटरच्या खोल्या आणि पाण्याचे पंप बुडाले होते. काही कार्यकारिणींनी ठराव केला की या तिमाहीत कोणाच्याही थकबाकीवर व्याज लावायचं नाही.

मी आकारणीला नवं आर्ग्युमेंट जोडलं, व्याजमाफी. पूरग्रस्त सोसायट्यांना 'ट्रू', बाकीच्यांना 'फॉल्स'. या वेळी नावं वरपासून खालपर्यंत जुळलेली होती, प्रत्येक सोसायटी मी स्वतंत्रपणे चालवत होते, पाठवायच्या आधी बिलं उघडून पाहत होते. दोन्ही चुकांचे धडे मी गिरवले होते. बिलं स्वच्छ दिसत होती. व्याजाच्या रकान्यात शून्य होतं, आणि शून्य डोळ्याला खुपत नाही.

काकांना खुपलं. ते शिलकीशी ताळा घालत होते. फोन करून म्हणाले, "अगं, तुझ्या प्रोग्रॅमने पूर अख्ख्या बदलापुरात नेलाय. व्याज सगळीकडेच माफ दिसतंय."

आज्ञेच्या ओळीवर आपण जे काही टाइप करतो ते टास्ककडे नुसती अक्षरं म्हणून जातं. मी लिहिलेला 'फॉल्स' आत पोचला तेव्हा तो नकार राहिलेला नव्हता, तो पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द झाला होता. रुबीच्या लेखी फक्त खरा फॉल्स आणि निल एवढीच दोन मूल्यं नकारार्थी. बाकी सगळं होकारार्थी, अगदी शून्यसुद्धा, रिकामं अक्षरसूत्रसुद्धा. म्हणून 'व्याजमाफी आहे का?' याला प्रत्येक सोसायटीचं उत्तर 'हो' निघालं. चोवीसशे रुपये थकवणाऱ्याचं २१ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं ४२ रुपये. एका घराला ते काहीच नाही. पण वर्षानुवर्षं थकवणाऱ्यांची बाकी लाखांत असते, आणि त्यांना सूट मिळाली की वेळेवर भरणारे चिडतात, तेही रास्त आहे. या वेळी बिलं अजून गेलेली नव्हती, एवढं काकांमुळे वाचलं.

यानंतर मी आर्ग्युमेंटांवरच रुसले. सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायचं ठरवलं. म्हणजे टर्मिनलमध्ये एकदा सोसायटी आणि कालावधी लिहून ठेवायचा, मग कुठलीही टास्क तो वाचू शकते. निरोप पोचवायची कटकटच नाही. ती गेली, पण एका सोसायटीच्या चाचणीसाठी लिहिलेला कालावधी दुपारी जेवून आल्यावरही त्या टर्मिनलमध्ये तसाच बसून होता, आणि पुढच्या सोसायटीच्या आकारणीने तो आपलाच समजून घेतला. ही चूक पडद्यावरच दिसली, म्हणून तिची हकिगत इथेच संपते.

एक अडचण मात्र रेकने दर वेळी ओरडून सांगितली. आर्ग्युमेंटं चौकटी कंसात द्यायची असतात, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडली की शेल, म्हणजे टर्मिनलमधली आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, ओळीचे दोन तुकडे करतो. मग रेक म्हणतो, या नावाची टास्क मला माहीत नाही. झेडशेलमध्ये तर कंसाभोवती अवतरणं नसली तर आज्ञा रेकपर्यंत जातच नाही. या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त चिडले असेन, आणि तिने माझं काडीचं नुकसान केलं नाही. ज्या तीन गोष्टींनी केलं, त्या तिन्ही बिनबोभाट झाल्या.

मग मी उशिरा का होईना, मागे जाऊन वाचायला लागले. ही साधनं मुळात कशासाठी झाली? पहिलं नावाजलेलं साधन मेक. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ते लिहिलं. त्यामागे एक वाया गेलेली सकाळ आहे. याक हे साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एका प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, म्हणून जुनाच तुकडा चालत होता. ते वैतागून फेल्डमनकडे आले, आणि त्यातून मेकची कल्पना निघाली. मेकमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबने करावी लागते, हा जाच आजही आहे. त्याचं कारणही फेल्डमननी सांगून ठेवलंय: ते बदलावं असं वाटेपर्यंत डझनभर लोक वापरायला लागले होते, आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून तसंच ठेवलं. त्याच फेल्डमनना मेकसाठी एसीएमचा २००३ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

जॉन्सनची ती सकाळ वाचताना मला माझा 'तयार' फोल्डर आठवला. मेक ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो असा: ही फाइल ज्या फाइलींवरून बनते, त्यांच्यापेक्षा ती जुनी आहे का? जुनी असेल तर पुन्हा बनव. यात टास्कांनी एकमेकींना काही सांगण्याचा प्रश्नच येत नाही. फाइलचं नाव हीच तिची ओळख, आणि जे काही वेगळं आहे ते नावात असायचं. रेक लिहिणारे जिम वायरिक यांनीही पुढे लिहून ठेवलंय की हे लिहायचा त्यांचा काही इरादा नव्हता. मेकच्या फाइलीत रुबी वापरता आली तर, अशी गोष्ट बोलण्यात निघाली आणि त्यांनी गंमत म्हणून करून पाहिलं. टास्कला आर्ग्युमेंटं द्यायची सोय रेकमध्ये नंतर आली, ०.८ या आवृत्तीत. वायरिक १९ फेब्रुवारी २०१४ ला गेले. त्यांचं साधन मी इतकी वर्षं वापरलं, पण त्यात मुळातलं काय आणि मागाहून जोडलेलं काय, हे मला माहीत नव्हतं.

इतर साधनांत डोकावले तर तीच गोष्ट वेगवेगळ्या वेषात दिसली. मेकमध्ये एखाद्या लक्ष्यापुरतं व्हेरिएबल ठरवलं की ते त्याच्या खालच्या कामांनाही लागू होतं. पण दोन लक्ष्यांनी एकच खालचं काम वेगवेगळ्या मूल्यांनी मागितलं, तर जे आधी पोचेल त्याच्याच मूल्याने ते होतं, दुसऱ्याचं सोडून दिलं जातं. मेकच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अँटमध्ये प्रॉपर्टीला पहिल्यांदा जे मूल्य मिळालं तेच कायम, नंतरचं कानाआड. एनपीएममध्ये स्क्रिप्टला जादा आर्ग्युमेंट दिलं तर ते त्या स्क्रिप्टच्या शेवटी चिकटतं, तिच्या आधी आपोआप चालणाऱ्या 'प्री' स्क्रिप्टला त्याचा पत्ता नसतो. एकूण ही साधनं 'कशानंतर काय' हे चोख सांभाळतात. 'कोणासाठी' हे त्यांच्याकडून करून घ्यायचं असेल तर ते कामाच्या नावातच घालावं लागतं. मी ते आर्ग्युमेंटात घातलं होतं.

हे मला खरं समजलं ते उल्हासनगरला, कपड्यांच्या एका लहानशा कारखान्यात. काकांच्या दुसऱ्या एका कामासाठी गेले होते. तिथे जीन्सचं कापड कापून झालं की प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी बांधतात: लॉट, साइज, नग. शिलाईवाला कटिंग मास्टरला विचारायला जात नाही, बटणवाला शिलाईवाल्याला विचारत नाही. जो तो समोरच्या गठ्ठ्याची चिठ्ठी वाचतो, आणि चिठ्ठी नसलेला गठ्ठा कोणी हातात घेत नाही. मी मात्र कटिंगवाल्याने ओरडून सांगावं आणि ते शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जावं, या भरवशावर सोसायट्यांची बिलं काढत होते.

परत येऊन सगळं नव्याने लिहिलं. आता प्रत्येक सोसायटीच्या प्रत्येक कालावधीचा स्वतंत्र फोल्डर असतो, आणि 'पाठवणी' अशी सुटी टास्कच नाही. 'बेलवलीची एप्रिल ते जूनची पाठवणी' अशी असते. नावं वेगळी, म्हणून एकीचं 'झालं' दुसरीला लागत नाही. फोल्डरमध्ये सगळ्यात आधी चिठ्ठीची फाइल बनते: सोसायटी, कालावधी, व्याजाचा दर, माफी. प्रत्येक टास्क तीच फाइल वाचते. कुठलंही मूल्य नसेल तर काम तिथेच मोडतं, मोठ्याने. माफीच्या जागी मराठीत 'हो' किंवा 'नाही' एवढंच चालतं, दुसरं काहीही लिहिलं तर प्रोग्रॅम पुढे जात नाही. डिफॉल्ट एकही नाही. प्रत्येक सोसायटी रेकच्या वेगळ्या फेरीत चालते, त्यामुळे सगळ्यांना मिळून थोडा जास्त वेळ लागतो. लागू दे.

आणि शेवटी एक पान येतं, त्यावर गेल्या वेळची आणि या वेळची एकूण रक्कम, व्याज, नॉन-ऑक्युपन्सी, सदस्यसंख्या शेजारी शेजारी. ते काका पाहतात आणि 'हो' म्हणतात. त्यानंतरच ईमेल सुटतात. हे पान बनवणं या सगळ्यात सोपं काम होतं, आणि पहिल्याच वर्षी केलं असतं तर तिन्ही चुका त्यावर पकडल्या गेल्या असत्या. केलं नाही, कारण तेव्हा मला वाटायचं की नीट लिहिलेल्या प्रोग्रॅमला कोणी पाहायला लागू नये.

कात्रपची ती सोसायटी परत आली नाही. तिची बिलं आता वांगणीचा एक मुलगा एक्सेलमध्ये काढतो. त्या सोसायटीत माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे मी ती पाहिली आहेत. बरोबर असतात.